नव्वद मीटरवरचा अबोला

पुरवणी जबाब

ठिकाण : पोलीस ठाणे, आतली खोली. वेळ : गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

नाव : कालच्या जबाबात आहे तेच. कामावर व वसाहतीत मला 'पाचमिनिटे' म्हणतात. इतर सर्वांनी आपापल्या जबाबात हेच नाव सांगितले असल्याने इथेही तेच चालेल असे साहेब म्हणाले.

वय : ५६ वर्षे ४ महिने. धंदा : नोकरी, उंच बांधकामांवरील विमान-इशारा दिव्यांची देखभाल, ३१ वर्षे. राहणार : कंपनीची वसाहत, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला जखमी इसम राहतात.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, आज मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. काल बुधवारी याच टेबलावर माझा जबाब झाला. त्यातले एक वाक्य सोडून बाकी सर्व खरे आहे. ते वाक्य म्हणजे 'कामाचे सर्व नियम पाळण्यात आले'. ते मी आज मागे घेतो.

जखमी इसम हे माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, वय ४७. लेखनिक हवालदार प्रत्येक ठिकाणी 'सदर जखमी इसम' लिहीत होते. नात्यातला माणूस आहे तर साडू लिहावे अशी मी विनंती केली. ती मान्य झाली.

काल संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या सुपरवायझरने मंगळवारी कंपनीच्या चिमणीवर झालेल्या अपघाताचा अहवाल माझ्यापुढे सहीसाठी ठेवला. त्यात लिहिले होते की, जखमीने पाच मिनिटे न थांबता व व्होल्ट न मोजू देता पेटीत हात घातला. असा अहवाल गेला तर साडूंचे उंचीवरच्या कामाचे कार्ड कायमचे रद्द होणार. डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची दोन बोटे पहिल्यासारखी चालतील याची खात्री नाही. बोटे चालली नाहीत तरी कार्ड असले तर माणसाला खाली नियंत्रण खोलीत बसून काम मिळते. कार्डच गेले तर फाटकाच्या आत घेत नाहीत. मी सही केली नाही. सुपरवायझर मला म्हणाला, "विचार करा. निवृत्तीला एक वर्ष आठ महिने राहिलेत तुमचे." मी विचार केला व आज सकाळची पहिली बस पकडून इकडे आलो.

दिव्यांबद्दल साहेबांनी विचारले असता सांगतो की, चिमणीवर तीन मजल्यांवर जे पांढरे दिवे लुकलुकतात ते विमानांसाठी असतात. मिनिटाला चाळीस वेळा आणि सगळे एकाच क्षणी लागतात, म्हणजे वैमानिकाला खालपासून वरपर्यंत ही एकच उभी वस्तू आहे हे दुरून कळते. दिवे रात्रीसाठी असतात असा लोकांचा समज आहे. हे दिवे भर दुपारी सर्वांत जोरात असतात, कारण उन्हातही दिसावे लागतात. दिवस कलला की दहाव्या हिश्श्यावर येतात आणि रात्री शंभराव्या, नाहीतर वैमानिकाचे डोळे दिपतील व खालच्या वस्तीला झोप लागणार नाही. हा बदल एक छोटा काचेचा डोळा करतो, तो दिवसभर आकाशाकडे बघत असतो. पाखराने त्याच्यावर घाण केली की त्याला भरदिवसा रात्र झाली असे वाटते, मग आम्हाला वर चढून तो पुसावा लागतो. तुम्ही लोक दिवसाढवळ्या दिवे जाळता, हे मी वसाहतीतल्या बायकांकडून एकतीस वर्षे ऐकत आलो आहे. समजावून सांगणे सोडून दिले आहे.

एवढा झोत नुसत्या तारेतून मिळत नाही. प्रत्येक दिव्याशेजारी एक लोखंडी पेटी असते, तिच्यात कपॅसिटर असतात. ते वीज भरून घेतात, एका झटक्यात दिव्याच्या नळीत सोडतात आणि पुन्हा भरून घेतात. त्यामुळे खाली मेन स्विच पाडला तरी पेटीत वीज उरते. झाकण उघडल्यावर आतली कळ सुटते खरी, पण ती फक्त नवी वीज येऊ देत नाही. आत जी भरली आहे ती तशीच असते. ती उतरावी म्हणून एक रेझिस्टर बसवलेला असतो, त्यातून ती पाच मिनिटांत निघून जाते. ती उतरलेली नसताना हात घातला तर माणूस मरतो किंवा मरता मरता वाचतो.

म्हणून वर जाण्याआधी विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला फोन करून कोणता दिवा किती वाजेपर्यंत बंद राहील ते कळवायचे. मेन स्विचला दोघांनी आपापले कुलूप घालायचे व आपली चावी आपल्याच गळ्यात ठेवायची. वर गेल्यावर झाकण उघडून घड्याळ लावून पाच मिनिटे थांबायचे. मग एकाने मीटरने मोजायचे. शून्य असले तर मोठ्याने 'शून्य' म्हणायचे, दुसऱ्याने ऐकून 'शून्य' म्हणायचे. शून्य नसले तर मोजणाऱ्याने 'थांबा' म्हणायचे, दुसऱ्याने 'थांबलो' म्हणून मागे सरायचे. हे मोठ्याने बोलणे आमची हौस नाही, कामाच्या पुस्तकात बाराव्या पानावर छापलेले आहे.

शून्य झाले तरी अर्थिंगच्या, म्हणजे उरलीसुरली वीज जमिनीत सोडणाऱ्या, दांडीने कपॅसिटरची टोके जोडून घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही. दांडी माझ्या पिशवीत असते, तिची तार व चिमटा साडूंच्या पट्ट्याला. मीटर शून्य दाखवत असेल तर साडू चिमटा पेटीच्या आतल्या बोल्टला लावतात. तो बोल्ट कपॅसिटरला अगदी खेटून आहे. मीटर शून्य दाखवत नसेल तर चिमटा बाहेर कठड्याच्या पट्टीला लावायचा असतो व आत हात घालायचा नसतो.

मी पाच मिनिटांत एक सेकंद कमी होऊ देत नाही म्हणून मला हे नाव पडले. घरी कुकरचे झाकणही मी पाच मिनिटांआधी काढू देत नाही असे पत्नी सर्वांना सांगते. ते खरे आहे.

माझ्यात व साडूंच्यात भांडण होते का, असे विचारले असता सांगतो की, भांडण नव्हते, अबोला होता. मंगळवारी त्याला एकाहत्तर दिवस झाले होते. माझ्या मुलीच्या सासरची माणसे लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली होती. साडू शेजारीच बसले होते. ते व्याह्यांना म्हणाले की, आमचे साडूभाऊ लग्नाला हो म्हणायलाही पाच मिनिटे थांबले होते, तेवढ्यात मुलगी उठून जाणार होती. सगळे हसले. व्याही गरजेपेक्षा जास्त हसले. वास्तविक मी तेव्हा तीन दिवसांची मुदत मागितली होती, पण तो मुद्दा नाही. मी पानावरून उठलो व हात धुतला. माझी पत्नीही हसली होती, परंतु तिच्याशी अबोला धरणे सोयीचे नव्हते.

आमच्या दोघांच्या दारांत चार पावलांचे अंतर आहे. साडूंनी त्यांच्या पत्नीकरवी निरोप पाठवला की ती चेष्टा होती. मी माझ्या पत्नीकरवी कळवले की, चेष्टा तोंडावर केली, तर वाईट वाटल्याचेही तोंडावर सांगावे. त्यावर निरोप आला की, तोंडावर सांगायला आधी ते तोंड समोर थांबायला हवे. दोघी बहिणींनी महिनाभर हे केले. मग त्या कंटाळल्या व म्हणाल्या की, यांना एकदा एकाच खांबाला बांधून ठेवले पाहिजे. आमचे काम तेच आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

कामावर आमची जोडी आठ वर्षांची आहे. अबोल्याचे सुपरवायझरला माहीत नव्हते, कारण कामात कसूर नव्हती. वर असताना मी कठड्याकडे बघून 'चहा उरलाय' असे म्हणत असे. साडू आकाशाकडे बघून 'बारा नंबरचा पाना कुठं गेला' असे म्हणत, आणि बारा नंबरचा त्यांच्या हातात जात असे. त्यांनी मला किंवा मी त्यांना उद्देशून एक शब्द काढला नाही. 'शून्य' म्हणणेही तसेच बंद पडले. त्याऐवजी एक खूण पडली. मी मोजून मीटर पिशवीत टाकला की शून्य झाले, मीटर हातात राहिला की नाही झाले. ही खूण आम्ही ठरवली नाही, ठरवायला बोलावे लागले असते. या रीतीने आम्ही नऊ ठिकाणी कामे केली. नऊही वेळा पाच मिनिटांनी शून्यच होते, त्यामुळे मीटर नेहमी पिशवीतच गेला. मीटर हातात राहिला तर काय होते हे आम्ही दोघांनी कधी पाहिले नाही.

मंगळवारी आठ पन्नासला मी नियंत्रण कक्षाला फोन केला. नऊ पाचला दोघांची कुलुपे लागली. खाली आमचे दोर व वायरलेस सांभाळणारा दोरीवाला होता. मधल्या मजल्यावरचा दोन नंबरचा दिवा चुकत होता, चाळीसपैकी दहा-बारा वेळा लागतच नव्हता. नऊ चाळीसला आम्ही त्या मजल्यावर, म्हणजे नव्वद मीटरवर पोचलो. ऊन होते, वारा बेताचा होता. नऊ शेहेचाळीसला मी झाकण उघडले. झाकणाचे रबर चिरलेले होते व आत पाणी गेल्याचे डाग होते. ते डाग साडूंनीही पाहिले. त्यांनी आकाशाकडे बघून 'पाणी शिरलंय' असे म्हटले. मी कठड्याकडे बघून 'हं' म्हटले. आमच्यातले त्या दिवसाचे संभाषण एवढेच.

नऊ एक्कावन्नला पाच मिनिटे पूर्ण झाली. मी मोजले. मीटरवर ६४० व्होल्ट आले. पुन्हा मोजले, ६३५ आले. रेझिस्टरचे एक टोक गंजून सुटले होते हे नंतर तपासात दिसले, पण आत काहीतरी तुटले आहे व वीज उतरलेली नाही हे मला त्याच क्षणी कळले होते. आता दांडी काढायची होती. एक हात कायम कठड्याला असावा असा नियम आहे, म्हणजे काम करायला एकच हात उरतो. त्या हातात मीटर होता. दांडी काढायची तर मीटर ठेवावा लागणार होता. मी तो पिशवीत टाकला.

साहेबांनी विचारले की, त्या वेळी 'थांबा' का म्हणाला नाहीत, विसरलात का. विसरलो नाही. शब्द तोंडात आला होता. मी तो गिळला. कळत-नकळत गिळला असे मी आधी सांगत होतो, परंतु साहेबांनी पुन्हा विचारले म्हणून सांगतो की, कळून गिळला. आधी मी बोललो असतो तर अबोला मी मोडला असे झाले असते. दांडी काढायला दहा सेकंद लागतात, तेवढ्यात काय होते, असे मला वाटले. एकतीस वर्षांत दहा सेकंदांची सूट मी कोणाला दिली नव्हती. त्या दिवशी मी ती स्वतःला दिली.

मी पिशवीत वाकलेलो असताना फळी आपटल्यासारखा आवाज झाला. साडूंनी मीटर पिशवीत जाताना पाहिला होता व चिमटा आतल्या बोल्टला लावायला हात घातला होता. खुणेप्रमाणे त्यांचे काही चुकलेले नाही. ते मागे कठड्यावर आदळले व पट्ट्याला लोंबकळत खाली बसले. हात मनगटापर्यंत भाजला होता. शुद्ध नव्हती, श्वास होता. त्यांचा पाय उघड्या पेटीजवळ पडला होता, म्हणून मी चिमटा बाहेरच्या पट्टीला लावून आधी दांडीने पेटी रिकामी केली, मीटरने मोजली व मोठ्याने 'शून्य' म्हणालो. ऐकायला कोणी नव्हते. मग त्यांच्याकडे वळलो. वायरलेसवर दोरीवाल्याला सांगितले. वरून दोर लावून स्ट्रेचर यायला पन्नास मिनिटे लागली.

त्या पन्नास मिनिटांत मी बोलत होतो. काय बोलत होतो असे विचारले असता सांगतो की, ते जबाबात घेण्यासारखे नाही, पण विचारले आहे म्हणून सांगतो. माझी खालची दाढ काढली ते सांगितले. आमच्या मोरीतला नळ मी तीनदा दुरुस्त केला व तो अजून गळतो, साडू असते तर एकदाच झाला असता, हे सांगितले. व्याह्यांचे हसणे मला पहिल्यापासून आवडत नाही, त्यात साडूंचा काही दोष नव्हता, हे सांगितले. त्यांची मुलगी जिन्यात भेटली की पूर्वी 'काका' म्हणून थांबायची, आता खाली बघून जाते, त्याचे मला फार वाईट वाटते, हेही सांगितले. एकाहत्तर दिवसांचे बरेच साठले होते. मी घाबरलो होतो व थांबलो तर ते जातील असे मला वाटत होते.

साधारण पंचवीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. त्यांचे शब्द जसेच्या तसे असे : "साडूभाऊ, पाच मिनिटं गप्प बसा."

मी गप्प बसलो. त्यांनी मध्ये एकदा 'झाली का' असे विचारले. मी 'अजून दोन आहेत' असे सांगितले. मग ते माझी बाही डाव्या हाताने धरून होते. स्ट्रेचर आल्यावर ती सोडवावी लागली.

मला आणखी सांगायचे आहे की, मधल्या मजल्यावरचा तो दिवा अजून बंद आहे. नियंत्रण कक्षाला दिलेल्या सूचनेची मुदत आज संध्याकाळी सहाला संपते, ती वाढवून घ्यावी. जे कोणी वर जातील त्यांनी पाच मिनिटांवर विसंबू नये, रेझिस्टर तुटलेला आहे. दिव्याची नळी उघड्या हाताने धरू नये, बोटांचा तेलकटपणा काचेला लागला की ती तापल्यावर तडकते. दोघे जावेत. ते दोघे एकमेकांशी बोलणारे असावेत. हे शेवटचे वाक्य जबाबात बसत नाही असे लेखनिक म्हणाले, तरी ते ठेवावे अशी माझी विनंती आहे.

एवढे सांगून झाल्यावर साहेबांनी मला साडूंचा जबाब वाचून दाखवला. तो काल दुपारी दवाखान्यात घेतलेला आहे. उजव्या हाताला पट्टी असल्याने खाली डाव्या हाताचा अंगठा आहे. त्यात ते सांगतात की : 'माझे साडू पूर्ण पाच मिनिटे थांबले. त्यांनी मोजले व मला मोठ्याने थांबा म्हणाले. मी ते ऐकले, पण घाई केली. त्यांची काही चूक नाही.'

यावर काय म्हणायचे आहे असे साहेबांनी विचारले. हवालदारांनी पाणी दिले. नंतर मी सांगतो की, साडूंचा जबाब तेवढ्यापुरता खोटा आहे. ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. मी 'थांबा' म्हणालो नव्हतो, त्यामुळे त्यांनी ते ऐकण्याचा प्रश्न येत नाही. मी म्हणालो असतो तर ते थांबले असते. आठ वर्षांत माझ्या शब्दावर ते थांबले नाहीत असे एकदाही झालेले नाही. खोट्या जबाबाबद्दल त्यांना काही होऊ नये, त्या वेळी त्यांना वेदनेची औषधे दिलेली होती असे धरावे. सुपरवायझरच्या अहवालात जे त्यांच्या नावावर आहे ते माझ्या नावावर लिहावे. माझे कार्ड मी बरोबर आणले होते व टेबलावर ठेवले. ते घेण्याचा पोलिसांना अधिकार नाही असे साहेबांनी सांगितल्यावर परत खिशात ठेवले. ते मी कंपनीत जमा करीन. त्याआधी दवाखान्यात जाऊन हा सर्व मजकूर साडूंना तोंडी सांगणार आहे.

लेखनिक हवालदारांनी वरील जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी त्यांनी एकाहत्तर दिवसांच्या जागी सतरा वाचले व ते पुढे जाऊ लागले. मी मोठ्याने 'थांबा' म्हणालो. ते लगेच थांबले. आकडा दुरुस्त करण्यात आला. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.